"बरी आहे" म्हणजे नक्की किती बरी?

पुण्यात कौतुकाचं रेशनिंग आहे. एखाद्याची कथा वाचून आपण फार मोठं मन करून म्हणतो, "हं, बरी आहे." फारच आवडली तर, "वाईट नाही." आणि वर याला चोखंदळपणा म्हणतो! माझं म्हणणं सरळ आहे. हा चोखंदळपणा नाही, चिकटपणा आहे, आणि त्याची किंमत लिहिणारा मोजतो.

लिहिणाऱ्याचे दिवस कसे जातात ते बघा. सोमवार ते शुक्रवार हिंजवडी. शनिवारी सकाळी कथेची फाइल उघडायची. दुपारपर्यंत एक परिच्छेद होतो, संध्याकाळी तोही उडवायचा. रविवारी पात्राचं नाव बदलायचं. संपला वीकेंड. ऑफिसात बेंचवर बसलेल्याला निदान पगार तरी मिळतो. वर कुणीतरी विचारतंच, "काय मग, नवीन काय लिहिलंस?" पुढचा सल्लाही ठरलेला: रोज हजार शब्द लिही, सवय लागेल. अरे, हजार शब्द काय, स्टेटस रिपोर्टमध्येही होतात. गोष्ट तशी येत नाही!

ही रड फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांची आहे असंही नाही. भालचंद्र नेमाड्यांची 'झूल' १९७९ ची. त्यानंतरची कादंबरी, 'हिंदू', थेट २०१० मध्ये. मधे ३१ वर्षं! माणूस रिकामा बसला नव्हता, 'टीकास्वयंवर'ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण कादंबरी तिच्या वेळेलाच आली. टाइमशीट भरायला लावली असती तर काय लिहिलं असतं त्यांनी?

कुणी म्हणेल, बघ, 'कोसला'चं एवढं कौतुक होऊनही थांबावं लागलंच ना? मग कौतुकाचा उपयोग काय? मुद्दा बरोबर आहे. कौतुकाने कादंबरी लिहून होत नाही. पण कोरा शनिवार गेल्यावर पुढच्या शनिवारी आमच्यासारखा माणूस पुन्हा खुर्चीत बसतो की नाही, हे बऱ्याचदा त्यावर ठरतं.

आता कौतुक म्हणजे शाल-श्रीफळ नव्हे. जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया'ला १९७३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला आणि जी.एं.नी तो सरळ परत केला. पत्रं मात्र ते लिहीत राहिले. लोकांपासून लांब राहणाऱ्या या माणसाच्या पत्रांचे पुढे खंड निघाले, आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्यांना लिहिलेल्या पत्रांचं 'प्रिय जी. ए.' हे अख्खं पुस्तक झालं. पुरस्कारावाचून त्यांचं अडलं नाही. पण आपलं कुणीतरी बारकाईने वाचतंय, हे त्यांनाही हवं असणार असं मला वाटतं.

माझ्यापुरतं सांगतो. मध्यंतरी टीममधल्या एकाने कॅन्टीनमध्ये सहज सांगितलं, "तुझ्या कथेतला म्हातारा कुलूप दोनदा ओढून बघतो ना, माझे बाबा अगदी तसंच करतात." बस, एवढंच. त्या शनिवारी चार पानं झाली. त्यातली दोन नंतर फेकली, तो भाग वेगळा. पण त्याआधीचे तीन वीकेंड मी फाइल उघडलीसुद्धा नव्हती.

"कौतुकाने लेखक शेफारतात" हे आपलं आणखी एक लाडकं वाक्य. शेफारतात ते न वाचता ठोकलेल्या "जबरी"ने आणि "लय भारी"ने. "तो कुलपाचा प्रसंग आवडला" ऐकून कुणी शेफारत नाही. उलट पुढचा प्रसंग तितका नीट जमवायची धास्ती बसते.

असो. ज्याचं लिखाण तुम्हाला मनापासून आवडलंय अशा एकाला या आठवड्यात फोन करा, नाहीतर चार ओळी लिहा. नेमकं काय आवडलं तेवढं सांगा. खोटं काही बोलू नका, आवडलं नसेल तर तेही सांगा. फक्त "नवीन काय?" तेवढं विचारू नका.