फॉलिकल्स फार झाली, तर थांबा

पेशंट ज्याला ‘अंडं फुटायचं इंजेक्शन’ म्हणतात, त्या ट्रिगरची वेळ घड्याळ बघून ठरते. पाळीच्या सुरुवातीला लेट्रोझोल किंवा क्लोमिफेनच्या गोळ्या, गरज पडल्यास हार्मोनची इंजेक्शनं, मग फॉलिक्युलर स्टडीसाठी सोनोग्राफीच्या खेपा. फॉलिकल, म्हणजे बीज वाढवणारी पिशवी, 18 ते 20 मिलिमीटरचं झालं की एचसीजीचं ट्रिगर टोचायचं. साधारण 36 ते 40 तासांत बीज बाहेर पडतं. आययूआयची, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याची, वेळ त्यावरूनच ठरते. जोडप्याचा जीव या तासांत अडकलेला असतो. त्याआधीचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो: फॉलिकल्स किती आहेत?

एरवी एका पाळीत बहुधा एकच बीज पिकतं. औषधांमुळे, विशेषतः पीसीओएस असलेल्या तरुण स्त्रीमध्ये, एकदम बरीच फॉलिकल्स वाढू शकतात. पडद्यावर ती दिसली की घरचे खूश होतात. पण आयव्हीएफमध्ये किती भ्रूण गर्भाशयात सोडायचे, हे डॉक्टरांच्या हातात असतं. आययूआयमध्ये जितकी बीजं फुटतील तितक्यांना वाव मिळतो. जुळी-तिळी राहिली की दिवस भरण्याआधीची प्रसूती, आईचा वाढलेला रक्तदाब, बाळांसाठी एनआयसीयू, हे सगळं मागोमाग येऊ शकतं.

दुसरा धोका ओएचएसएसचा, म्हणजे औषधांनी अंडाशयं अति चेतवली जाण्याचा. बीज फोडणारं शरीरातलं एलएच हार्मोन लवकर ओसरतं. त्याची जागा घेणारं एचसीजी मात्र कित्येक दिवस रक्तात राहतं आणि फुगलेल्या अंडाशयांना चेतवत राहतं. रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं पाणी पोटात साठतं. गंभीर प्रकारात धाप लागते, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. आयव्हीएफमध्ये यावर चांगला उपाय आहे. अँटॅगॉनिस्ट पद्धतीत एचसीजीऐवजी ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन देऊन शरीराचंच एलएच उसळवायचं, भ्रूण गोठवायचे आणि नंतरच्या पाळीत सोडायचे. आययूआयमध्ये दोन-तीनांहून जास्त मोठी फॉलिकल्स दिसली, तर ट्रिगर द्यायचं नाही आणि त्या महिन्यात संबंधही टाळायचे, कारण बीजं आपोआपही फुटू शकतात.

हे डॉक्टरांना ठाऊक नसतं असं नाही. पण गोळ्यांचे, सोनोग्राफीचे पैसे गेलेले असतात, ऑफिसात रजा मागून झालेली असते, सासरी ‘या वेळी काय झालं?’ हा प्रश्न ठरलेला असतो. अशा वेळी ‘हा महिना सोडू’ म्हणणारा डॉक्टर अपयशी वाटतो, आणि पेशंट दुसऱ्या क्लिनिकची वाट धरेल ही भीती त्यालाही असते. म्हणून थांबायची मर्यादा पहिल्या गोळीआधीच केसपेपरवर लिहिली जावी, आणि रद्द झालेल्या पाळीतल्या सोनोग्राफीचे पैसे पुढच्या पाळीत वळते करून द्यावेत. सुरक्षिततेसाठी घेतलेल्या निर्णयाचा भुर्दंड पेशंटनेच का सोसायचा?

जोडप्यांनीही पहिल्याच भेटीत विचारावं, ‘किती फॉलिकल्स झाली तर तुम्ही थांबाल?’ उत्तर आकड्यात मिळालं, तरच उपचार सुरू करावेत.