खडूंची डबी

बेळगावात आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. त्या घरातील बाई आपल्या चर्चच्या मराठी रविवार-शाळेतला सर्वांत धाकटा वर्ग गेली कित्येक वर्षे सांभाळीत आहेत. तीन ते पाच वर्षांची दहा-बारा मुले आणि आठवड्यातून जेमतेम एक तास! एवढ्याशा वेळात ही चिमुरडी बाईंना इतकी कशी बिलगतात, याचे मला मुख्याध्यापक या नात्याने नवल वाटत आले आहे; खरे सांगायचे तर थोडा हेवाही.

१७८० मध्ये इंग्लंडातील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा काढली, ती आठवडाभर कामावर राबणाऱ्या गरीब मुलांसाठी. त्या मुलांना निदान वार कळत होते. चार वर्षांच्या मुलास ‘पुढच्या रविवारी’ या शब्दांचा काय बोध होणार? त्याच्या लेखी सात दिवस म्हणजे एक युगच. मधल्या काळात बाई त्याला विसरल्या नाहीत, हे त्याला डोळ्यांनी दिसावे लागते.

बाईंजवळ एक जाडसर वही आहे. वर्ग सुटला की मुलांनी सांगितलेले त्या तीत टिपून ठेवतात. कोणाची मांजर व्याली, कोणाचे आजोबा खानापूरहून आले, कोणाला नवी चप्पल चावते. पुढच्या रविवारी दाराशीच गुडघ्यांवर बसून त्या विचारतात, “काय रे, पिल्लांचे डोळे उघडले का?” मूल चकित होऊन पाहते. जो आला नसेल त्याला मोठ्या अक्षरांत पोस्टकार्ड जाते. वर नाव त्याचे, वडिलांचे नव्हे. मी एकदा म्हटले, “हल्ली मोबाइल आहे की!” त्या म्हणाल्या, “सर, मोबाइलवरचा निरोप आईला पोहोचतो. पोरग्याला कुठे पोहोचतो?”

मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार मराठी मुलखाला नवा नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत काम आरंभिले, तेव्हा बालवाडी मुलांच्या अंगणातच नेली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. प्रशिक्षणवर्गांतून हे मी शेकडो शिक्षकांना सांगितले आहे. आचरणात मात्र माझ्याकडून वेगळेच घडले. काही वर्षांपूर्वी पहिलीतला एक मुलगा महिनाभर आला नाही, तेव्हा मी शिपायाकरवी पालकांना नोटीस धाडली. घराची पायरी चढलो नाही. पुढे ते कुटुंब गाव सोडून गेले. मुलगा का येत नव्हता, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

गेल्या नाताळाच्या सुमारास बाईंच्या वर्गातही असाच एकजण तीन रविवार दिसला नाही. आई म्हणे, ताप आहे. बाईंनी आधी कळवून, यजमानांसह त्याचे घर गाठले. प्रश्न एकही नाही. जमिनीवर बसून त्याची मोडकी मोटार पाहिली, चहा घेतला. निघता निघता तो पुटपुटला, “बाई, तुम्ही चिडलाय माझ्यावर?” तालमीच्या वेळी सर्वांदेखत त्याची चड्डी ओली झाली होती. मोठी मुले हसली होती. बाईंच्या तर ते ध्यानातही नव्हते! मुलाने मात्र तीन आठवडे ते मनात बाळगले, आणि आपल्याला आता वर्गात घेणार नाहीत असे ठरवूनच टाकले.

बाईंनी त्या प्रकाराचा उच्चारही केला नाही. म्हणाल्या, “चिडू कशाला? रंगीत खडू वाटायचे काम तुझे ना? डबी तशीच पडून आहे.”

रविवारी तो आला. बराच वेळ आईचा पदर धरून दाराशीच उभा राहिला. बाईंनी हाक मारली नाही, डबी तेवढी खालच्या फळीवर, त्याचा हात पोहोचेल अशी ठेवली. प्रार्थना संपली, गाणे झाले. मग तो हळूच आत शिरला, डबी उचलली आणि प्रत्येकापुढे एकेक खडू ठेवीत गेला. निळा त्याने स्वतःसाठी राखून ठेवला.

हे ऐकल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी शाळेचा हजेरीपट मागविला. दुसरीतल्या एका मुलीपुढे ओळीने नऊ गैरहजेऱ्या होत्या. शिपायाला म्हटले, नोटीस राहू दे, घर कोठे आहे तेवढे सांग.