आधी मैदान, मग मक्ता

महिलांच्या फुटबॉलला बाजारपेठ आहे काय, हा प्रश्न आपल्याकडे मोठ्या गांभीर्याने विचारला जातो. विचारणाऱ्यांनी थोडा इतिहास चाळला असता तर तो त्यांच्या ओठांवरच थबकला असता. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर डिक-कर कारखान्यातील कामगार मुलींचा सामना पाहावयास सुमारे ५३ हजार प्रेक्षक लोटले होते. आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, हा खेळ स्त्रियांस उचित नव्हे असा निवाडा देऊन, संलग्न क्लबांची मैदाने त्यांना बंद केली व ती मनाई जवळजवळ अर्धशतक जारी ठेवली. बाजार हुकमाने उठवावयाचा आणि मग गिऱ्हाईक नसल्याची तक्रार करावयाची, असा हा न्याय! बार्सिलोनाने आपले मुख्य मैदान मुलींना खुले केले, तेव्हा २०२२ साली एकेका सामन्यास ९१ हजारांवर प्रेक्षक आलेच.

आपल्याकडे सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना यांच्यावर २०२३ मध्ये क्रिकेटच्या लिलावात ३ कोटी ४० लाखांची बोली लागली, तेव्हापासून फुटबॉलमध्येही कोणी धनाढ्य मक्तेदार अवतरेल अशी आशा बाळगली जाते. मक्तेदारावर विसंबण्याचे फळ पुरुषांच्या फुटबॉलने नुकतेच भोगले आहे: राष्ट्रीय फुटबॉल महासंघाचा २०१० सालचा पंधरा वर्षांचा व्यापारी करार २०२५ मध्ये संपत आला, तेव्हा इंडियन सुपर लीगचा हंगाम लांबणीवर पडला, आणि नवी निविदा काढली तर एकही बोली आली नाही. याउलट, त्याच वर्षी जुलैत भारतीय मुलींनी थायलंडला त्याच्याच भूमीवर २-१ असे नमवून आशिया चषकात प्रवेश मिळविला.

रसिकतेचा प्रश्न तर आपल्या मुलखात उद्भवतच नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे सामने असले की पेठा ओस पडतात (प्रसंगी प्रकरण हातघाईवर येते, ते तूर्त सोडून देऊ), आणि त्याच शहराच्या एफसी कोल्हापूर सिटी संघाच्या मुली २०१८-१९ व २०१९-२० या हंगामांत इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळल्या. इकडे शाळेतील मुलींचा संघ बहुधा तालुका स्पर्धेच्या तोंडावर, कबड्डी-खोखोच्या मुली गोळा करून उभा राहतो, मागून आणलेल्या बुटांनिशी एकदोन सामने खेळतो आणि हरला की वर्षभरासाठी विसर्जित होतो. संघाचेही उसासारखेच आहे: आडसाली उसाला आधी बेणे आणि खत उधार द्यावे लागते, वजनकाटा दीड वर्षाने येतो, हे साखर कारखान्यांच्या शेतकी खात्यास कोणी शिकवावयास नको.

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीस धाडण्यासाठी लोकांनी वर्गणी जमविली, तिचा अभिमान आपण अद्याप मिरवितो. परंतु वर्गणीने एक मल्ल परदेशी जातो, अकरा मुलींचा संघ दरसाल उभा राहत नाही. त्यासाठी कऱ्हाड नगरपालिकेने तेथील शिवाजी स्टेडियमच्या दर आठवड्यातील दोन संध्याकाळी मुलींच्या नावे राखून ठेवाव्यात आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या आयोजकांनी कितीही निकड लावली तरी त्या हलवू नयेत. तसेच सातारा, सांगली व कोल्हापूर येथील साखर कारखाने व सहकारी बँकांनी मिळून वार्षिक लीग चालवावी आणि खेळाडूंशी मानधनाचे लेखी करार करावेत. या संस्थांच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एखाद्या सभासदाने हा विषय मांडावा. तो ऐनवेळच्या विषयांत ढकलला जाऊ नये म्हणून सूचना मुदतीत आणि लेखी द्यावी.