क्रमांकाची ओळख, विश्वासाची पारख

दूरध्वनीचा क्रमांक पाहून गाव ओळखावे, असा एक काळ होता. ०७३१ म्हणजे इंदूर, ०२६५ म्हणजे बडोदा. लँडलाइनमागे पत्ता असे आणि पत्त्यामागे माणूस. मोबाइल आला आणि ही खूण पुसट झाली. ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा दहा आकडी क्रमांक मोबाइलचा, एवढेच आता कळते. जुलै २०१५ पासून तोच क्रमांक घेऊन देशात कोठेही जाता येत असल्याने बोलणारा कोणत्या प्रांतातला, हे त्यावरून सांगता येत नाही.

तरीही शहराचा कोड दिसला की अनेक ज्येष्ठ ग्राहक निःशंक होतात. ‘लँडलाइन आहे, म्हणजे कार्यालयातूनच बोलत असणार’ हा समज आज महागात पडू शकतो, कारण इंटरनेटच्या साहाय्याने समोरच्याला भलताच क्रमांक दाखविणे शक्य झाले आहे.

म्हणूनच लँडलाइन की मोबाइल, यापेक्षा फोन कोणत्या मालिकेतून आला, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. विक्री व जाहिरातीसाठी १४० ने, तर सेवा व व्यवहारांसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवलेले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना हीच विभागणी पाळण्यास सांगितले.

परंतु शाखेतील एखादा उत्साही अधिकारी मार्चअखेरचे उद्दिष्ट गाठण्यासाठी स्वतःच्या मोबाइलवरून कर्जाची किंवा विम्याची विचारणा करतो, तेव्हा काय घडते? त्याचा हेतू शुद्ध असतो. पण बँकेचा फोन कोणत्याही क्रमांकावरून येऊ शकतो, अशी सवय ग्राहकाला लागते. उद्या याच सवयीचा लाभ एखादा भामटा उठवितो. ग्राहकाने जो नियम पाळावा अशी अपेक्षा आहे, तो आधी बँकेने पाळला पाहिजे.

ग्राहकांनीही केवळ मालिकेवर विसंबू नये. फोन १६०० चा असला तरी ओटीपी वा पिन सांगू नये. शंका येताच फोन ठेवावा आणि पासबुकावरील अथवा कार्डामागील क्रमांकावर स्वतः चौकशी करावी. जाहिरातींचे फोन नको असल्यास १९०९ वर तशी नोंद करावी. त्यानंतरही ते आल्यास सात दिवसांच्या आत तक्रार करावी. फसवणूक झाल्यास मात्र क्षणाचाही विलंब न लावता १९३० वर कळवावे.

क्रमांक हा फोनचा परिचय आहे, माणसाच्या सचोटीचा दाखला नव्हे.