सोन्याचं घड्याळ: कायद्याच्या नजरेत दागिना नाही, मग काय?

टायटनने 2025 मध्ये ‘जलसा’ नावाचं घड्याळ आणलं. फक्त 10 नग, किंमत 40 लाखांच्या वर. डायल संगमरवराची आणि त्यावर पद्मश्री शाकिर अली यांनी हाताने रंगवलेलं हवा महलचं लघुचित्र. केस 18 कॅरेट सोन्याची, आत फ्लाइंग टूरबियाँ. रील्सवर या घड्याळाच्या किमतीचीच चर्चा जास्त झाली. खरं तर त्यात दोन वेगळे धंदे एकत्र आलेत, घड्याळजीचा आणि जडावकाम-चित्रकाम करणाऱ्यांचा. गंमत तिथेच आहे, आणि ग्राहकाची गोची पण तिथेच.

आधी टूरबियाँ. मेकॅनिकल घड्याळात बॅलन्स व्हील मागे-पुढे हलतं आणि तेच वेळ मोजतं. घड्याळ उभं धरलं की गुरुत्वाकर्षणामुळे त्याचा वेग किंचित बदलतो. ब्रेगे या घड्याळजीने 1801 मध्ये पेटंट घेऊन हा सगळा भाग एका पिंजऱ्यात बसवला. पिंजरा बहुधा मिनिटाला एक फेरी मारतो, त्यामुळे चुका एकमेकांत जिरतात. तेव्हा घड्याळ खिशात उभं राहायचं, म्हणून उपयोग होता. मनगट तर दिवसभर हलतच असतं. त्यामुळे आज टूरबियाँ म्हणजे निम्मं इंजिनिअरिंग आणि निम्मा दागिना. अचूक वेळच हवी असेल तर हजार रुपयांचं क्वार्ट्झ घड्याळ त्याला हरवतं.

मग सोनं कशाला? याचं उत्तर ॲपलने उलट्या बाजूने दिलंय. 2015 मध्ये त्यांनी 18 कॅरेट सोन्याचं ॲपल वॉच 10 हजार ते 17 हजार डॉलरला विकलं. 2018 मध्ये वॉचओएस 5 आलं आणि पहिल्या पिढीचा सपोर्ट बंद. सोनं तसंच राहिलं, आतला प्रोसेसर म्हातारा झाला. आम्ही सॉफ्टवेअरवाले ‘एंड ऑफ लाइफ’ हा शब्द सहज वापरतो, पण सोन्याच्या वस्तूला तो लागला की विचित्रच वाटतं! मेकॅनिकल घड्याळाला अपडेट लागत नाही. तेल आणि हात बसलेला कारागीर लागतो.

आता मुद्द्याचं. 40 लाख आपल्या कुणाकडे नाहीत, पण लग्नसराईत उस्मानपुऱ्यापासून क्रांती चौकापर्यंत नवरदेवाला ‘सोन्याचं घड्याळ’ द्यायचा विषय निघतोच. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क सक्तीचा आहे, आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी पण. तो कोड बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याची शुद्धता दिसते. घड्याळाला मात्र 2021 मध्ये सक्ती लागू झाली तेव्हाच त्यातून सूट मिळाली. कुंदन, पोलकी, जडाऊ आणि फाउंटन पेनसोबत. म्हणजे तुमच्या अंगठीचा कोड ॲपमध्ये सापडेल, घड्याळाचा सापडेलच असं नाही. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये सोन्याच्या केसवर सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याचा सरकारी शिक्का लागतोच.

टॅक्सचंही तसंच. सोन्याच्या दागिन्यावर जीएसटी 3 टक्के, घड्याळावर 18 टक्के. टॅक्स लावताना ते घड्याळ, आणि मोडायला नेलं की सराफ फक्त सोन्याचं वजन बघणार. मशीन, काच, डायलवरची नक्षी याचे पैसे तिथे शून्य. 10 ग्रॅमला लाखाच्या वर भाव असताना दोन-तीन ग्रॅमचा घोळ पण महागात पडतो. माझ्या मते हॉलमार्कची सूट कुंदन-जडाऊला समजू शकते, कारण तिथे रत्नं आणि लाख यांतून शुद्ध सोन्याचा हिशोब अवघड असतो. घड्याळाची केस तर मशीनपासून सुटी होते! तिची शुद्धता तपासणं अशक्य नाही.

तोवर घेताना एवढं करा. बिलावर कॅरेट आणि मशीन, काच, पट्टा वगळून केसचं निव्वळ वजन लिहून घ्या. पट्टा सोन्याचा असेल तर त्याचं वेगळं. केसवर ‘750’ म्हणजे 18 कॅरेट, पण तो नुसता कंपनीचा शिक्का असू शकतो. ‘गोल्ड टोन’, ‘पीव्हीडी’ किंवा ‘प्लेटेड’ लिहिलं असेल तर खाली स्टील किंवा पितळ आहे, वरचा थर केसापेक्षाही पातळ. तसं घड्याळ घ्यायला हरकत नाही, फक्त सोन्याच्या भावात नको. आणि दुकानदार म्हणाला, ‘दादा, घड्याळाला हॉलमार्क लागतच नाही,’ तर तो खरंच बोलतोय. त्याला विचारा, मग वजन बिलावर लिहून देणार का?