मूत्रपिंडतज्ज्ञांना काम आहे, पण जागा?

बाणेर, बालेवाडी, महाळुंगे हा पट्टा बघता बघता उंच इमारतींनी भरला आणि मागोमाग खासगी रुग्णालयेही आली. ‘डीएम नेफ्रॉलॉजी’ करणारे तरुण डॉक्टर नोकरीसाठी पहिली नजर इकडेच टाकतात. गर्दीही इथेच आहे.

एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमडीची तीन, डीएमची तीन. मधल्या प्रवेश परीक्षा आणि शासकीय सेवेचा बाँड धरला, तर कामाला लागेपर्यंत तिशी उलटते. मोठे रुग्णालय सुरुवातीचे काही महिने ठरावीक मानधन देते. पुढे जेवढे रुग्ण तेवढी मिळकत. नाव झालेल्या तज्ज्ञाचा रुग्ण नव्याकडे सहज वळत नाही. मग ‘या शाखेत आता काही राहिले नाही’ अशी कुजबुज सुरू होते आणि हुशार मुले हृदयरोगाकडे किंवा पोटविकारांकडे जातात.

शहरापुरती ही कुजबुज खरी असेलही. पण आजार कुठे कमी झाला? केंद्र सरकारच्या २०१६ मधील अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची मूत्रपिंडे पूर्ण निकामी होतात. त्याच वर्षी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली. यंत्र तंत्रज्ञ चालवतो. मात्र फिस्टुला कधी करायचा, हिमोग्लोबिन का वाढत नाही, प्रत्यारोपणाचा विचार कोणासाठी करायचा, हे ठरवायला तज्ज्ञ लागतो. त्याआधीचे काम तर याहून मोठे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांचे क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन वेळेवर तपासून उपचार केले, तर अनेकांचे डायलिसिस कित्येक वर्षे लांबवता येते. टळलेल्या डायलिसिसचे बिल होत नाही. म्हणून त्या कामासाठी खासगीत कोणी नोकरीही देत नाही.

महाळुंग्याच्या रुग्णाला औंधचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे. त्याच मुळशी तालुक्यातील ताम्हिणीच्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तासांच्या डायलिसिससाठी शहर गाठायचे, तर त्याची रोजंदारी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मूत्रपिंडतज्ज्ञाचे कायम पद हवे. ते भरेपर्यंत बाँडवरील डॉक्टरांना तिथे नेमावे आणि तालुक्याच्या रुग्णालयात त्यांची दर आठवड्याला ओपीडी ठेवावी. पगार खासगीइतका नसला तरी चालेल. पण राहायला घर, चालू प्रयोगशाळा आणि दर महिन्याला वेळेवर वेतन एवढे तरी सरकारने द्यावे.