साडीचोळीच्या मोबदल्यात वावर

जिल्ह्याच्या कोणत्याही वर्तमानपत्राचं आतलं पान उघडा. बारीक टायपात ‘जाहीर नोटीस’ छापलेली असते. अमुक गावातल्या अमुक गटाची जमीन आमच्या अशिलाने खरेदी करण्याचे ठरवले आहे. त्यात कुणाचा हक्क, हितसंबंध असल्यास इतक्या दिवसांत पुराव्यासह कळवावे, अन्यथा कुणाचीही हरकत नाही असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल.

मैत्रिणींनो, ही नोटीस कुणासाठी असते? ज्या बहिणीचा त्या गटात हिस्सा आहे, ती तीन तालुके पलीकडे नांदते आहे. तिच्या दारी पेपर येत नाही. आला तरी तो तिच्या हाती येईपर्यंत रद्दी झालेला असतो. ती काही बोलली नाही म्हणजे तिची हरकत नाही! बाईच्या गप्प बसण्याला संमती मानायची रीत आपण लग्नाच्या बोलणीत पाहिली, घराच्या आत पाहिली. जमिनीच्या व्यवहारातही ती तशीच चालू आहे.

जमीन विकली जाते तेव्हा बाई कुठे असते, हा प्रश्न आपल्या चळवळीने आता ऐरणीवर घ्यायला हवा. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आपण बरंच बोललो. शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मी मुक्ती’ने बायकोच्या नावे जमीन करण्याचा विषय गावच्या पारावर आणला. १९९२ साली शासनानेही त्याच नावाने योजना काढली. पण सहखातेदार नसलेल्या बायकोचा नवरा इसार घेतो तेव्हा ती चुलीपुढे असते, आणि तिला बातमी कळते ती शेजारणीकडून.

हे सगळं कायद्याच्या डोळ्यांदेखत कसं होतं, ते नीट समजून घेऊ.

बापाच्या मागे मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे, हे १९५६ पासून हिंदू वारसा कायद्यात आहे. १९९४ साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या लेकींना बाहेर ठेवलं. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ही अट गेली. त्या दिवशी बाप हयात असायला हवा का, हा वाद पंधरा वर्षं चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की हक्क जन्माने मिळतो, बाप तेव्हा हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली खरेदीखतं आणि कायदेशीर वाटण्या या दुरुस्तीने उघडता येत नाहीत. बापाच्या स्वतःच्या कमाईच्या जमिनीचं मृत्युपत्र तो कुणाच्याही नावे करू शकतो. एवढी मर्यादा सोडली, तर कायदा लेकीच्या बाजूने उभा आहे.

आणि सातबारा? बाप गेल्यावर वारसाची नोंद होते तेव्हा थोरल्या भावाचं नाव ‘एकुम’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागतं. भावांची नावं खातेदारात येतात. आई आणि बहिणी मात्र पुष्कळदा ‘इतर हक्का’च्या रकान्यात जाऊन बसतात. त्याच रकान्यात सोसायटीचं कर्ज असतं, विहिरीचा वाटा असतो. म्हणजे जिने त्या वावरात जन्म काढला, ती त्या जमिनीवरचा एक बोजा! मग गिऱ्हाईक आलं की हा बोजा उतरवायची घाई सुरू होते. कुणाला तरी गाडी देऊन बहिणींना आणलं जातं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फोटो, अंगठा, सही. कागदाचं नाव हक्कसोडपत्र, मोबदला निरंक. दुपारी हॉटेलात जेवण आणि जाताना साडीचोळी. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी त्याच जमिनीचं खरेदीखत होतं, आणि त्यात मोबदल्याचा आकडा लाखांत असतो. बहिणीला विचारलं तर ती सांगते, “बँकेच्या कर्जाला सही पाहिजे, असं दादा म्हणाला.”

याच्या समर्थनार्थ जे बोललं जातं, तेही तपासू.

‘वाटा मागितला तर माहेर तुटेल.’ बहिणी सही करतात त्या याच भीतीपोटी. सासरी मार पडला तर जायला एक दार उघडं राहावं, एवढ्यासाठी ती एकराचं पाणी सोडते. ही भीती खोटी नाही. परित्यक्तांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकीला तिची किंमत ठाऊक आहे. पण ज्या माहेरासाठी तिने सही केली, ते भावाने विकल्यावर उरतं काय? बहिणीने हक्क सोडला तो माहेर टिकावं म्हणून. भावाने वावर विकलं, तेव्हा माहेरच विकलं गेलं. वाटा मागणारीने घर फोडलं म्हणायचं आणि अख्खं वावर विकणाऱ्याने संसार सावरला म्हणायचं, हा कुठला न्याय?

‘लग्नात दिलं तोच तिचा वाटा.’ हुंडा देणंघेणं १९६१ पासून गुन्हा आहे. भावाने गुन्ह्याचा खर्च हिशोबात दाखवून बहिणीची जमीन वळती करून घ्यायची, असा हा प्रकार. शिवाय तो पैसा गेला कुणाच्या हातात? सासऱ्याच्या आणि नवऱ्याच्या. तिच्या नावावर त्यातलं किती उरलं?

‘जमिनीचे तुकडे पडतील.’ तीन भाऊ असले की तुकडे पडतातच. तिथे तिसऱ्याने हक्क सोडावा, असं कुणी म्हणत नाही. आणि जमीन विकताना तर हे कारण साफ कोसळतं. पैशाचे तुकडे बिनबोभाट पडतात. कसायला जमीन ठेवायची होती म्हणून बहिणीला वगळलं, असं म्हणणाऱ्याने विकल्यावर आलेल्या रकमेत तिचा हिस्सा का ठेवला नाही?

व्यवस्थेची खोच आणखी एके ठिकाणी आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, असं कूळकायद्याचं कलम ६३ सांगतं. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून व्यवहारात सातबारा मागतात. जिने चाळीस वर्षं खुरपणी, वेचणी, कापणी केली, तिचं नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून उद्या स्वतःच्या बचतीतून दहा गुंठे घ्यायला गेली तर तिलाच विचारतील, बाई, तू शेतकरी आहेस का? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतीच्या खातेदारांत बायका जेमतेम १४ टक्के भरल्या. शेतात राबणाऱ्यांच्या रांगेत त्या किती आहेत, हे सांगायला गणना लागत नाही.

आता माळाकडे वळू, कारण जमिनीचा व्यवहार बागायतीपाशी संपत नाही.

माण, खटाव, सांगोला, पारनेर या कोरड्या पट्ट्यांत मेंढपाळांचं जगणं माळरानावर, गायरानावर आणि दुसऱ्याच्या मोकळ्या वावरावर चालतं. सुगी झाली की शेतकरी रानात मेंढरं बसवायला सांगायचा, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे द्यायचा. या जगण्याचा निम्माअधिक भार धनगर बाई उचलते. घोड्यावर बिऱ्हाड बांधणं, पाल ठोकणं, मेंढरांभोवती वाघर लावणं, कोकरं सांभाळणं, पाणी शोधणं, तीन दगडांवर भाकरी थापणं. पण या वहिवाटीचा एक शब्दही सातबाऱ्यावर सापडत नाही. त्यामुळे माळ विकला की फक्त मालक बदलतो, असं कागद म्हणतो. प्रत्यक्षात तारेचं कुंपण पडतं, वाट बंद होते आणि मुक्काम हलतो. पाणी आणखी दूर जातं. त्या कुंपणाची किंमत बाईच्या पायांनी मोजली जाते.

खाजगी माळाचं हे, तर गायरानाचं त्याहून वाईट. गायरान पडीक आहे, असं म्हणून ते काहीही करायला मोकळं समजलं जातं. पडीक कुणाच्या लेखी? तिथल्या गवतावर मेंढरू जगतं, शेळी जगते, गावातल्या भूमिहीन बाईची चूल पेटते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. पण २०२३ पासून शासनच सौर कृषी वाहिनीच्या नव्या टप्प्यासाठी गायरानं देतं आहे. दिवसा वीज हवीच, त्याला आपला विरोध नाही. पण एकीकडे महामेष योजनेतून मेंढ्या घ्यायला अनुदान द्यायचं आणि दुसरीकडे चराईची जागा काढून घ्यायची, तर त्या मेंढ्या चारायच्या कुठे, हे विचारायला नको का?

कुणी म्हणेल, विकणाऱ्याला विकू द्या, बायकोच्या सहीची सक्ती अव्यवहार्य आहे. सह्याद्री उतरून गोव्यात जा. तिथल्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मिळकत नवरा-बायकोची सामाईक असते आणि स्थावर विकताना दोघांची संमती लागते. गोव्यात जमिनीचे व्यवहार थांबलेले नाहीत. मग हीच गोष्ट सिंधुदुर्गात अव्यवहार्य कशी होते?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. शेतजमीन विकताना पत्नीची लेखी संमती सक्तीची करा. हक्कसोडपत्रावर सही घेण्यापूर्वी बाईला एकटीला, तिच्या भाषेत, जमिनीचं क्षेत्र आणि बाजारभाव सांगणं निबंधकावर बंधनकारक करा, आणि त्यानंतर काही महिने त्या जमिनीच्या विक्रीला मनाई ठेवा. आई-बहिणींची नावं ‘इतर हक्का’तून काढून खातेदारात घ्या. गायरान देण्याचा कोणताही ठराव आधी महिला ग्रामसभेत मांडा आणि फिरत्या मेंढपाळ बायांना तिथे बोलण्याचा हक्क द्या.

शासन करील तेव्हा करील. गटांनी उद्यापासून करायच्या गोष्टीही आहेत. प्रत्येकीने माहेरचा आणि सासरचा सातबारा काढून आणावा आणि बैठकीत मोठ्याने वाचावा. साध्या कागदावर, तलाठ्यापुढे दिलेल्या जबाबाने जमिनीतला हिस्सा सुटत नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो, हे सगळ्यांना माहीत व्हावं. फेरफाराची नोटीस आली तर मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. आणखी एक हत्यार बहुतेकींना ठाऊक नाही. वारसांपैकी एकजण आपला हिस्सा बाहेर विकू लागला, तर तो विकत घेण्याचा पहिला मान बाकीच्या पहिल्या वर्गाच्या वारसांचा असतो, असं वारसा कायद्याचं कलम २२ सांगतं. हे शेतजमिनीलाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलं. म्हणजे बहिणीचा हक्क फक्त ‘नाही’ म्हणण्याचा नाही. बचत गटांच्या जोरावर ती ‘मी घेते’ असंही म्हणू शकते.

आणि कुणी कागद पुढे करून “इथे अंगठा कर” म्हणालं, तर आधी तीन प्रश्न विचारायचे. हा कागद कशाचा? या जमिनीचा आज भाव काय? घेणारा कोण? उत्तर मिळेपर्यंत अंगठा शाईला लावायचा नाही.